हेडमास्तरांच्या तोंडातले माझे दिवस

मी कवळी बोलतेय. हो, दातांची! नाक मुरडू नका, उद्या तुमच्यावरही हीच वेळ यायची आहे.

वृद्धाश्रमातल्या एका आजींची मी. दंतवैद्य मला सरळ, पांढरीशुभ्र करणार होते. पण आजी म्हणाल्या, "जाहिरातीतले दात मला नकोत. माझा पुढचा दात तिरका होता, तसाच करा." झालं, जन्मतःच मी तिरकी! पण आजींच्या तोंडात दिवसभर गप्पा, टोमणे आणि भांडणं. मजेत होते मी.

मग ती साथ आली. आश्रमाचं फाटक बंद झालं. लेकीसुना काचेपलीकडून हात हलवू लागल्या. जो तो मास्कमध्ये. कामाच्या मावशींनी तर जंतूंशी वैरच धरलं. कड्या पुसल्या, काठ्या पुसल्या, टीव्हीचा रिमोट इतका पुसला की त्यावरचे आकडे गेले. आणि एका सकाळी त्यांनी सगळ्यांच्या कवळ्या गोळा करून एकाच टबात भिजत घातल्या!

वाटताना कोण कुणाची, काही कळेना. मावशींनी अंदाजपंचे वाटून टाकल्या. मी गेले थेट हेडमास्तरांच्या तोंडात. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी माणूस अजून वर्गातच! त्यांचा जबडा हा एवढा मोठा, मी आपली लहानखुरी. माझा जीव मेटाकुटीला आला.

"दात टोचतायत," ते कुरकुरले.

"साथीचे दिवस आहेत, काका. काहीबाही व्हायचंच," मावशी म्हणाल्या. तेव्हा कशाचंही खापर त्या विषाणूवरच फुटायचं. मास्कमुळे माझा तिरका दातही कुणाला दिसला नाही.

त्याच दुपारी आजींना ताप भरला, श्वास लागला. ॲम्ब्युलन्समधून त्यांना दवाखान्यात नेलं. सोबत डबीत त्यांच्या वाट्याला आलेली हेडमास्तरांची थोराड कवळी. ती काय टिकणार आजींच्या तोंडात! चावता येईना, धड बोलता येईना. दवाखान्यातल्यांना वाटलं, आजाराने भूक गेली आणि म्हातारी भ्रमिष्टही झाली.

काही दिवसांनी डॉक्टरांनी आजींच्या लेकीला फोनवर सांगितलं, "ऑक्सिजन आता बरा आहे, पण त्या खातच नाहीत. उद्या नाकातून नळी घालू. त्यांच्या अंगात ताकद उरलेली नाही. मनाची तयारी ठेवा."

भेटायला तर बंदी. ओळखीची माणसं पाहून आई दोन घास खाईल, म्हणून लेकीने आश्रमाला आणि दवाखान्याला एकत्र व्हिडिओ कॉल लावला. आजी दिसल्या. गाल बसलेले, डोळे मिटलेले. मला रडूच आलं. पण हेडमास्तरांच्या तोंडात बसून रडायचं तरी कसं?

हेडमास्तरांनी मास्क खाली ओढला आणि वर्गावर ओरडावं तसे ओरडले, "अहो, जेवा! हट्ट पुरे झाला!"

आजींनी डोळे उघडले. त्यांनी आधी हेडमास्तरांच्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या, आणि गादीवर हात आपटू लागल्या.

"बघा, पुन्हा भ्रम," नर्स म्हणाली.

"भ्रम कसला!" लेक किंचाळली. "काका, हसा पाहू! अगंबाई, तो तिरका दात आईचा आहे!"

हेडमास्तरांनी मला तिथल्या तिथे काढलं आणि बोळक्या तोंडाने माफी मागितली. एक अक्षर कुणाला कळलं नाही, पण भावना पोचली. मावशींनी मला घासून डबीत घातलं आणि दवाखाना गाठला.

"बाहेरचं खाणं आत चालत नाही," रखवालदार म्हणाला.

"अरे बाबा, हे खाणं नाही, खायचे दात आहेत!"

मी तोंडात बसताच आजी डॉक्टरांना म्हणाल्या, "ती नळी ठेवा तुमच्याकडेच. मला सफरचंद आणा." अर्धं सफरचंद खाल्लं त्यांनी. डॉक्टर स्वतः कापून भरवत होते.

आजी परतल्या. काही जण परतलेच नाहीत. त्यांच्या कवळ्या अजून कपाटात आहेत. तिथून जाताना मावशींची नजर खाली वळते.

तुम्हाला एकच सांगणं आहे. आपलं माणूस दवाखान्यात पाठवताना त्याचे दात, चष्मा, कानाचं यंत्र त्याचंच आहे ना, तेवढं पाहा. आणि ते भ्रमिष्ट झालंय म्हणण्याआधी जरा त्याच्या तोंडात डोकवा.

आजारपणात आजी इतक्या वाळल्या की मी आता त्यांना सैल होते. बोलता बोलता घसरते. परवा दंतवैद्य म्हणाले, "आजी, ही टाकून नवी करू."

मी दचकून आणखीच घसरले. आजींनी मला जिभेने वर ढकलून बसवलं आणि म्हणाल्या, "हिला काय झालंय? वाळले मी आहे. आता मीच जाड होईन."