सुई ओवून दाखव

माझ्या धाकट्या भावाइतका आडमुठा माणूस शोधून सापडायचा नाही. भिंतींना चुना देणं हा त्याचा धंदा. चुनकळी भिजत घातली की उकळते, उसळते, हे त्याला झोपेतही ठाऊक. बाजूनं बंद असलेला जाड काचांचा चष्मा मीच आणून दिला होता. तर तो कपाळावर! का, तर म्हणे काचेतून पांढऱ्याचा खरा रंग कळत नाही. त्या दिवशी चुना विरला का बघायला पिंपात वाकला आणि उकळता चुना दोन्ही डोळ्यांत उडाला. कपाळावरच्या चष्म्यावर एक थेंब नाही.

बरं, लगेच पाण्यानं धुवावं, धुतच राहावं, की नाही? शहाण्यानं आधी फडक्यानं खसाखसा चोळले. उरलंसुरलं तिथेच गेलं.

डाव्या डोळ्याची आशा डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सोडली. उजव्यावर पुढे पांढरा पडदा चढला. बाई म्हणाल्या, "बुबुळाच्या कडेला नव्या पेशी तयार होतात, म्हणून बुबुळ स्वच्छ राहतं. याची ती कडच जळालीये. एक डोळा धड असता तर त्यातलाच तुकडा घेतला असता. आता सख्ख्या माणसाचा लागेल." तपासण्या झाल्या, माझं जुळलं. म्हटलं, घ्या. एवढासा तुकडा, त्यात विचार कसला करायचा?

पण भाऊराया हट्टाला पेटले.

"नको."

"अरे, का नको?"

"नको म्हटलं ना, ताई."

रोज हेच. मी शिवणकाम करते, घरातल्या घरात. हा त्याच खोलीत बसून असायचा. उठला की मशीनला धडकायचा, कापून ठेवलेल्या कापडावर पाय द्यायचा. एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या झग्यावर चहा सांडला. तरी नकोच! बाईंनी बोलावून समजावलं, "ताईंच्या डोळ्याला धोका अगदी कमी आहे."

"कमी म्हणजे आहे ना?" हा म्हणाला.

पालथ्या घड्यावर पाणी! घरी आल्यावर मी भांडायलाच बसले, तेव्हा कुठे पोटातलं ओठावर आलं. "तुझा डोळा गेला तर सुई कशी ओवशील? खाशील काय? दोघं मिळून मशीनला धडकत बसायचं का?"

"आणि तू एकटा जन्मभर धडकतोस ते चालेल? मशीन मोडायच्या आत हो म्हण, मेल्या!"

म्हणाला एकदाचा, तेही तोंड फुगवून.

बाईंनी त्याच्या बुबुळावरचा पडदा सोलून काढला आणि कडेला माझा तुकडा बसवला. माझ्या एका डोळ्याला पट्टी, त्याच्या एका डोळ्याला पट्टी, खाटा शेजारीशेजारी.

"ताई, दुखतंय का?"

"नाही."

"खरं सांग."

"झोप रे बाबा!"

मी थोड्याच दिवसांत काजं करायला बसले. त्याचं मात्र लांबलं. शरीरानं परका तुकडा झिडकारू नये म्हणून गोळ्या, वर थेंब. पुढे मेलेल्या कुणाचं तरी बुबुळही बसवलं. मी थेंब घालायला वाकले की प्रत्येक वेळी विचारायचा, "तुझा डोळा कसा आहे?" बरा आहे म्हटलं तर विश्वास नाही. सांगून सांगून जीव मेटाकुटीला आला.

टाके स्थिरावल्यावर चष्म्याचा नंबर काढायला गेलो. बाईंनी त्याच्या नाकावर चौकट चढवून काचा बदलल्या. "समोरची अक्षरं वाचा."

हा माझ्याकडे वळला. "ताई, सुई आहे ना पिशवीत? ओवून दाखव."

"इथे? आधी अक्षरं वाच की!"

"वाचतो. आधी तू ओव."

काढली सुई. दोऱ्याचं टोक ओलं केलं, नेम धरला, चुकला. पुन्हा चुकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बघ! म्हणत होतो ना मी! गेला ना तुझा डोळा!"

"गेला नाही रे गाढवा, रडतेय मी!"

तो खुर्चीतून पुढे वाकला. काचेच्या चौकटीतून माझ्या हातांकडे बघत राहिला.

"दोरा डावीकडे जातोय तुझा," तो म्हणाला. "जरा उजवीकडे घे."

मी उजवीकडे घेतला. सुई ओवली गेली.