मंदाकिनीबाईंच्या सायकलचा बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे, लांबीला तुमच्या करंगळीएवढा. मित्रांनो, सायकलच्या बैठकीखाली जो दांडा असतो, तो धरून ठेवणं एवढंच माझं काम. मला सैल केलं की बैठक वर-खाली होते, आवळलं की जागेवर राहते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. सायकलबरोबर मी बोटीने मुंबईला आलो. एका गोऱ्या इंजिनिअरने आम्हाला काही वर्षं वापरलं आणि मायदेशी परतताना ठाण्याच्या हरिहरराव मास्तरांना विकलं. तेव्हा टेंभी नाक्यावर लोक सायकलला पायगाडी म्हणत. ती दिसली की हातातलं काम थांबवून बघत राहत.

हरिहररावांच्या पत्नी मंदाकिनीबाई मुंबईच्या इस्पितळात सुईणीचं काम शिकून आल्या होत्या. दूरच्या वस्त्यांवर चालत जाताना त्यांचा फार वेळ मोडे. "तूही सायकल शिकून घे," असं हरिहररावच त्यांना म्हणाले. बाई उंचीने बेताच्या, म्हणून त्यांनी मला सैल करून बैठक खाली घेतली. नऊवारीचा कासोटा घट्ट खोचून बाई शिकल्या. पडल्या, कोपरं सोलवटली. लोक हसले, तर त्याही हसून पुन्हा चढल्या.

पुढे पावसाळा लागला. वस्त्यांच्या चिखलवाटांवर सायकल जाईना, म्हणून हरिहररावांनी बैठक वर केली आणि चार महिने ते शाळेत सायकलने गेले. पावसाचं पाणी आणि खाडीवरचा खारा वारा, दोन्ही मला बाधले. माझ्या आट्यांत गंज शिरला आणि मी जागच्या जागी घट्ट रुतून बसलो. बाहेरून कुणाला काही कळलं नाही.

आश्विनातल्या एका दुपारी बाळकुमचे दामाजी कोळी धापा टाकत दारात आले.

"बाय, माझी पोर बायजा अडलीय. बालाचा पाय पुढं आलाय. सुटका नाय होत."

खाडीला ओहोटी होती, होडी चालणार नव्हती. बैलगाडीला फार वेळ लागला असता. बाईंनी सायकल अंगणात घेतली, पण त्यांचे पाय पॅडलला पोचेनात.

हरिहररावांनी मला पाना लावला. मी हललो नाही. त्यांनी सगळा भार टाकला, तसा पाना घसरला आणि माझ्या मुंडीचा कोपरा झिजला. त्यांनी हातोडा उचलला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मुंडी गेली तर तो कुणालाच सोडवता यायचा नाही."

"अगं, पण वेळ कुठे आहे?"

"म्हणूनच सांगते. अडलेल्याला ओढायचं नसतं."

त्यांनी काथ्याने माझ्यावरचा गंज खरवडला. दिव्यातल्या घासलेटाचे थेंब माझ्या फटीत सोडले आणि लाकडाचा ठोकळा दामाजींच्या हाती दिला. "घाव घालू नका. नुसता हादरा बसू दे. तोवर मी पिशवी भरते."

लेक तिकडे तडफडत असताना दामाजी माझ्यावर हलकेच ठोकत राहिले. घासलेट आत झिरपलं. बाई आल्या, त्यांनी पाना धरला आणि मला आधी किंचित आवळलं, मग किंचित सोडलं. असं मागेपुढे करता करता मी कुरकुरलो आणि फिरलो.

बैठक खाली आली. वाटेतल्या माजिवड्यावरून बाई ज्या वेगाने गेल्या, तो वेग मी पुन्हा कधी अनुभवला नाही.

बाळकुमला सायकल झोपडीबाहेर कुडाच्या भिंतीला टेकवलेली होती. आतून बायजाचं कण्हणं आणि बाईंचा शांत आवाज येत होता. "आता जोर नको हं, बायजा. मी सांगेन तेव्हा." बराच वेळ गेला. मग बाळ रडलं. बायजाची आई आवडाबाई बाहेर आली आणि तिने सायकलवरून हात फिरवला. "ही नसती तं..." एवढंच बोलून ती तिथेच खाली बसली.

त्यानंतर दर रविवारी बाई मला काढून पुसत, आट्यांना तेल लावत आणि परत बसवत. कितीतरी वस्त्यांवर आम्ही वेळेत पोचलो. मी लोखंडाचा, पण त्या हातांचा मला अभिमान वाटे.

मग प्लेगची साथ आली. सगळं घर घाईने गाव सोडून गेलं आणि सायकल मागच्या पडवीत राहिली, बैठक हरिहररावांच्या उंचीला वर केलेली. अख्खा पावसाळा पडवीचं छप्पर तिच्यावर गळत होतं. घरची मंडळी परतली तेव्हा मी गंजून पार खंगलो होतो. बाईंनी घासलेट घातलं, वाट बघितली, ठोकलं, शेकलं. मी सुटलो नाही. अशात कळव्याहून बोलावणं आलं.

बाईंनी मला एकदा बोटाने चाचपलं. "याने पुष्कळ केलं," त्या हरिहररावांना म्हणाल्या. "आता कापा. तिकडे कुणीतरी वाट बघतंय."

करवत चालली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. माझ्या जागी नवा बोल्ट आला. घाईतही बाईंनी त्याला आधी तेल लावलं, मग बसवलं.

आता मी दोन तुकडे होऊन एका डब्यात असतो. मित्रांनो, पावसातून आणलेली सायकल पुसल्याशिवाय ठेवू नका. पुसताना जरा वाकून बैठकीखालीही बघा. तिथे माझ्यासारखा एखादा असेल. त्याला तेलाचा एक थेंब पुरतो.