मधल्या खुर्चीमार्फत

त्या सलूनमध्ये खुर्च्या तीन आणि आरसा एकच, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांबलचक. दाराजवळच्या खुर्चीमागे थोरला भाऊ उभा असे, आतल्या टोकाच्या खुर्चीमागे धाकटा, आणि दोघांच्या मध्ये थोरल्याची मुलगी. ती लहान मुलांचे केस कापायची. आईबापांची एकुलती एक, तरी सगळी गल्ली तिला मधली म्हणायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

दोघा भावांचा अबोला होता. साधासुधा नव्हे, चांगला मुरलेला. कारण विचाराल तर एक मिशी. लग्नाच्या दिवशी सकाळी आलेल्या नवरदेवाची मिशी धाकट्याने कोरली आणि थोरल्याने भरल्या दुकानात ती वाकडी असल्याचं जाहीर केलं. नवरदेव हसला, गिऱ्हाइकं हसली. धाकट्याने कात्री खाली ठेवली. "दादा, आजपासून तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही." थोरला म्हणाला, "नको बोलूस." झालं! पुढे त्या नवरदेवाला मुलं झाली, ती मधलीच्या खुर्चीत बसून यथास्थित रडून गेली, मिशी तर त्याने केव्हाच काढून टाकली होती. पण हे दोघे काही हटेनात.

दुकान मात्र एक. पाणी संपतं, टॉवेल वाळत नाहीत, फवाऱ्याची बाटली नेमकी दुसऱ्याकडे असते. बोलल्याशिवाय भागायचं कसं? म्हणून एक कायदा आपोआप तयार झाला. जे बोलायचं ते मधलीला सांगायचं, आणि तिने पुढे सांगितलं म्हणजेच ते बोललं गेलं असं धरायचं. तोवर समोरच्याच्या कानावर पडलं तरी पडलं नाही.

"त्या गाढवाला सांग," थोरला खेकसायचा, "माझ्या वस्तऱ्याला पुन्हा हात लावलास तर बोटं छाटीन."

मधली आत वळून सांगायची, "काका, बाबा म्हणाले, ज्याचा वस्तरा त्याने वापरावा."

"तुझ्या बापाला सांग," मान खाली घालून धाकटा पुटपुटायचा, "वस्तरा नाही, खुरपं आहे ते."

मग मधली बापासमोर जाऊन, खुर्चीतल्या पोराच्या रडण्यावर आवाज चढवून सांगायची, "बाबा, काका म्हणाले, धार लावून घ्या."

बाप खेकसायचा, डाफरायचा, करवादायचा. काका पुटपुटायचा, कुरकुरायचा, टोमणे मारायचा, आणि मनात आलं तर गिऱ्हाइकाच्या कानाशी कुजबुजायचा, तेही पार दारापर्यंत ऐकू जाईल असं. हा सगळा माल मधलीकडे यायचा आणि तिच्याकडून बाहेर पडताना एकाच शब्दात गुंडाळला जायचा. म्हणाले. मोठा सोयीचा शब्द, त्यात काहीही मावतं. मधलीला या कामाचा गर्व होता, खोटं कशाला सांगा. बोलण्याच्या इतक्या तऱ्हा आपल्याइतक्या कुणी पचवल्या नाहीत असं तिचं ठाम मत होतं. कोण रागावून बोलतंय, कोण लाजून, कोण नुसतं जीभ चाळवायला, हे आपण माणसाच्या पाठीकडे बघूनही सांगू, असं ती सांगत असे.

आणि एके दिवशी सकाळी काका म्हणाला, "दादाला सांग, मी जातोय. बाजाराच्या पलीकडे जागा बघितली आहे. हा महिना संपला की माझी खुर्ची रिकामी."

मधलीची कात्री हवेतच थांबली. काका पुटपुटला नव्हता, कुरकुरला नव्हता. तुझा बाप न म्हणता दादा म्हणाला होता. म्हणूनच हे खरं आहे, हे तिला कळलं. तिने आरशात बापाकडे पाहिलं. तो ड्रिलमास्तरांच्या गालावर फेस फिरवत होता आणि त्याचा ब्रश क्षणभरसुद्धा अडखळला नाही. सख्खा भाऊ चालला आणि याला काही नाही! दगड आहे दगड, तिच्या मनात आलं.

पण तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. थोरल्याच्या कानावर घातल्याशिवाय उंबरठा ओलांडणाऱ्यांतला काका नव्हता. आणि कानावर घालायचं म्हणजे तिच्यामार्फत. तिने गळ्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, मिटलं आणि नकारार्थी मान हलवली.

"घसा बसला?" काका संशयाने म्हणाला. "आत्ता तर या पोरावर ओरडत होतीस."

त्यामुळेच बसला, असं मधलीने खुणेने सांगितलं.

काका हार मानणारा नव्हता. त्याने गिऱ्हाइकांना कामाला लावलं. ड्रिलमास्तरांना सांगितलं, तर त्यांनी तोंड उघडताच फेसाचा एक बुडबुडा बाहेर आला आणि पुढचं सगळं फू फू करण्यात गेलं. मग काकाच्या खुर्चीत औषधांच्या दुकानाचे मालक बसले. काकाने निरोप त्यांच्या गळ्यात घातला. मधलीने आरशातून त्यांच्यापुढे दोन्ही हात जोडले, कात्रीसकट. औषधवाले मुरलेले गृहस्थ. त्यांनी खुर्चीतूनच थोरल्याकडे तोंड वळवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे म्हणताहेत, आज उकाडा फार आहे."

"पंखा लाव म्हणावं!" थोरला खेकसला.

"मी असं बोललोच नाही!" काका ओरडला.

"मग माझ्याच ऐकण्यात काही गडबड झाली असेल," औषधवाले म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधलीला घशाच्या गोळ्या आणून दिल्या आणि देताना डोळा मारला.

असा तिने महिना ताणला. घरीदारी खुणा करून करून तिचे हात दुखायला लागले. पण शेवटची दुपार यायची ती आलीच. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. थोरला उंबऱ्यात, उजेडाकडे तोंड आणि दुकानाकडे पाठ करून कात्र्या पुसत बसला होता. आत काकाने ब्रश कापडात गुंडाळले, पिशवीत घातले, आणि पिशवी खांद्याला लावून तो मधलीसमोर उभा राहिला.

"आता तरी सांग त्याला."

मधलीने मान हलवली आणि तिला रडू फुटलं. कात्री कशी धरायची हे तिला याच काकाने शिकवलं होतं, स्वतःचं डोकं पुढे करून. त्यानंतर तो कितीतरी दिवस टोपी घालून फिरत होता, पण कुणी विचारलं तर माझ्या पुतणीने कापलेत म्हणून सांगायचा. तो गेला तर मध्ये उभं राहायचं कुणाच्या?

"बरं," काका म्हणाला. "नाही सांगत तर मीच बोलतो." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधलीदेखत त्याने थेट हाक मारली. "दादा! मी चाललो!"

थोरल्याने कात्री उजेडात धरली, फुंकर मारली, पुसायला लागला.

"बघितलंस?" काकाचा आवाज चिरकला. "तू मावशीकडे गेली होतीस ना, तेव्हाही हेच. इथेच उभा राहून मी त्याला म्हणालो, दादा, मिशी वाकडीच होती, चुकलं माझं, सोड आता. माझ्या तोंडाने बोललो गं! मान वळवली नाही त्याने. असाच पुसत बसला. मग राहायचं कुणासाठी?"

मधली बापाच्या पाठीकडे बघत राहिली. काकाच्या ओरडण्याने समोरच्या ओट्यावरचं मांजर उठून गेलं होतं आणि बापाचा खांदासुद्धा हलला नव्हता. राग गिळून बसलेल्या माणसाची पाठ अशी नसते. तिने फळीवरचं स्टीलचं भांडं उचललं आणि बापाच्या मागे जाऊन धाडकन फरशीवर टाकलं.

काका टुणकन उडाला. थोरला पुसतच होता.

मग मधलीला एकेक आठवायला लागलं. बापाने भिंतीवर केसांच्या तऱ्हांचे फोटो लावले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तो म्हणायचा, बोट ठेवा. बोलणाऱ्याचं तोंड तो आरशात टक लावून बघायचा. आणि घरात, दुकानात, रस्त्यात, सकाळ-संध्याकाळ वरच्या पट्टीत! शिव्या खऱ्या होत्या, त्यात शंका नाही. पण ज्याला ती खेकसणं म्हणत आली होती, ते बिचाऱ्याचं साधं बोलणं होतं. एवढ्या तऱ्हा पचवल्या म्हणणाऱ्या मधलीला स्वतःच्या बापाची एक तऱ्हा कळली नव्हती. तिला लाज वाटली.

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय गं?" थोरला मोठ्याने म्हणाला.

"बाबा, काका बोलताहेत." ती त्याच्यासमोर येऊन एकेक शब्द सुटा करत म्हणाली.

"कोण, हा? माझ्याशी?" थोरला उठला. आधी भावाकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग फरशीवरच्या भांड्याकडे, आणि त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "थोडं कमी येतं ऐकू. समोर तोंड असलं की सगळं कळतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"ऐकू येत नाही त्याला गळ्याशी वस्तरा कोण धरू देईल?"

काकाने पिशवी खाली ठेवली. चालत उंबऱ्यापाशी आला, भावाच्या अगदी नाकासमोर उभा राहिला आणि पोटातून ओरडला, "मिशी! वाकडी! होती!"

थोरला त्याच्या ओठांकडे बघत होता. बघता बघता त्याचे डोळे भरले. "थोडीशीच होती रे," तो म्हणाला. "डावीकडे. मी उगाच चारचौघांत बोललो."

बातमी लपली नाही, लपणार कशी? दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक औषधवाले. ते थोरल्याच्या खुर्चीत जाऊन बसले, मान मागे टाकली आणि गळा पुढे केला.

काका गेला नाही. बाजारापलीकडच्या जागेत आता छत्र्या दुरुस्त करतात. घशाच्या गोळ्या काकाला लागतात, कारण इतक्या वर्षांचं साठलेलं तो दिवसभर ओरडून सांगतो आणि थोरला त्याच पट्टीत उत्तर देतो. परवा मधलीच्या खुर्चीत एक मूल बसलं होतं, त्याची आई गल्लीत नवीन. तेवढ्यात आतून काका आरशात थोरल्याची नजर धरून गरजला, "दादा! जेवलास का?" आणि दारातून गर्जना आली, "तू जेवल्याशिवाय कधी जेवलोय का, गाढवा?"

आईने घाबरून मुलाला पोटाशी धरलं. "अगं बाई, भांडताहेत का?"

"नाही हो," मधली केस विंचरत म्हणाली. "बोलताहेत."