भोकं माझी, बोल वहिनींना

मी चाळणी बोलतेय. चहाची नव्हे हं, मक्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यातल्या चक्कीची. चक्कीतले हातोडे मका कुटायचे आणि पीठ माझ्या भोकांतून खाली पडायचं. जाड कणी आली की मी तिला अडवायची, पुन्हा कुटून ये म्हणायची. भारी तोरा होता माझा.

पण रोज टनांनी मका अंगावरून गेल्यावर काय होणार? भोकं झिजून मोठी झाली. कण्या खुशाल खाली उतरू लागल्या. पुढे टाकीत यीस्ट बसलेलं. त्याला साखर मिळाली की ते इथेनॉल करतं. पण कणीच्या पोटातला स्टार्च सुटेना, त्याची साखर होईना, यीस्ट बिचारं अर्धपोटी. इथेनॉल घटलं.

टाकी सांभाळायच्या वहिनी. चक्कीवर त्यांचा सख्खा दीर, म्हणून सगळा कारखानाच त्यांना वहिनी म्हणायचा. साहेबांनी यीस्ट बदललं, टाकीची उष्णता कमी-जास्त केली, मकासुद्धा बदलला. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी ठरलं, शनिवारपर्यंत उत्पादन वाढलं नाही तर वहिनींनी टाकी सोडून पोती शिवायला बसायचं. अकरा वर्षं लेकरासारखी टाकी सांभाळलेली बाई! माझा जीव तुटत होता, पण पत्र्याला तोंड कुठलं?

शनिवारी साहेबांनी प्रयोगशाळेचा कागद वाचून दाखवला. पीठ उत्तम, म्हणजे दोष टाकीवरच्या माणसाचा. दिराचा चेहरा खाडकन उतरला.

"साहेब, प्रयोगशाळेच्या बरणीत नमुन्याचं पीठ मी चाळून भरायचो," तो म्हणाला. "कण्या असल्या की बरं दिसत नाही म्हणून."

घ्या! तीन महिने हा गृहस्थ घरच्या पिठाच्या चाळणीनं नमुना चाळत होता आणि वरच्या कण्या चिमण्यांना टाकत होता. चिमण्या इतक्या सुटल्या होत्या की उडायचं म्हटलं तरी आधी विचार करायच्या.

मला त्याच दिवशी काढलं. नवी चाळणी आली आणि तेवढ्याच मक्यातून इथेनॉल भराभर वाढलं. वहिनी टाकीवरच राहिल्या.

मी आता भंगारात पडून आहे. काल वहिनी आल्या, माझ्या भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझा काय दोष गं, झिजलीस." मला अगदी भरून आलं. मागे दीर उभा होता. त्याच्याकडे न बघता त्या निघून गेल्या. पंधरा दिवस अबोला चाललाय.

वहिनी, माझं एवढं ऐका. मला तोंड नव्हतं. त्याला होतं, आणि उशिरा का होईना, तुमच्यासाठी त्यानं ते चारचौघांत उघडलं. मला माफ केलंत ना? मग आता त्याच्याशी बोला.