डावखुरा टाका

“सर, तुम्ही डावखुरे आहात का?” पल्लवी कुलथे यांनी विचारलं, तेव्हा वाल्मीकराव गायधनी उजव्या हातात चहाचा कप धरून उभे होते.

“नाही बुवा,” ते म्हणाले.

हौशी कलाकारांचं प्रदर्शन होतं. एका बाजूला कोणा बाईंचे बोन्साय, दुसऱ्या बाजूला काड्यापेटीच्या काड्यांचं देऊळ आणि मधल्या टेबलावर वाल्मीकरावांची चामड्याची चौदा म्यानं. भाजीच्या सुरीचं म्यान, कोयत्याचं म्यान, द्राक्षछाटणीच्या कात्रीची कमरेला अडकवायची पिशवी, चष्म्याचं घर. नाशिकच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात हेडक्लार्क असलेला माणूस घरी बसून कातडं शिवतो, याचंच लोकांना अप्रूप. पल्लवीताई परीक्षक होत्या आणि स्वतः चामड्याच्या बॅगा करायच्या. त्यांनी सुरीचं म्यान उचललं आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

“मग शिकवणारे डावखुरे असतील,” त्या म्हणाल्या. “एका दोऱ्याला दोन सुया लावून शिवताना आपण आधी उजवी सुई घालतो, म्हणून टाका एका बाजूला कलतो. तुमचा प्रत्येक टाका उलट, डावीकडे कललाय. हे कोणाच्या तरी शेजारी बसून उचललेलं आहे. कोणाकडे शिकलात?”

उत्तर दोन शब्दांचं होतं. पण वाल्मीकरावांच्या मागे थेटे सर उभे होते. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या सार्थकसाठी वाल्मीकरावांच्या सायलीला सांगून आलेलं होतं, पत्रिका जमल्या होत्या, मुलांचं आपसात ठरल्यातच जमा होतं आणि दसऱ्याला घरी येऊन पुढचं बोलायचं होतं. सर आज मुद्दाम म्यानं बघायला आले होते. शिवाय एका स्थानिक पेपरचा वार्ताहर वही उघडून तयार. वाल्मीकरावांनी चहाचा एक घोट घेतला.

“कोणाकडे नाही,” ते म्हणाले. “मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून जमलं.”

पल्लवीताईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, “बरं” म्हणाल्या, म्यान होतं तसं सरळ ठेवलं आणि काड्यांच्या देवळाकडे वळल्या. थेटे सर मात्र खूश झाले. त्यांनी पाठीवर थाप मारून वाल्मीकरावांना ‘स्वयंभू कलाकार’ म्हटलं. आता स्वयंभू शंकराची पिंड असते, हेडक्लार्क नसतो, हे वाल्मीकरावांना कळत होतं. पण ते हसले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोखाली छापून आलं, की पंचवटीतील श्री. गायधनी यांनी ही कला कोणाकडेही न शिकता आत्मसात केली आहे.

खरी गोष्ट अशी होती.

आठ वर्षांपूर्वी वाल्मीकराव ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत भावाच्या द्राक्षबागेत गेले होते. सुरगाण्याकडून छाटणीला आलेल्या मजुरांत बुधा नावाचा एक गडी होता. त्याने उघडा चाकू कमरेच्या पंच्यात खोचला होता, आणि जेवायला बांधावर बसला तो चाकू मांडीत घेऊनच बसला. सात टाके पडले. ह्या गोष्टीने वाल्मीकरावांची झोप उडाली. शेतात जन्म गेलेल्या लोकांना जे कधी खटकलं नाही ते कारकुनाला खटकलं, कारण कारकुनाला प्रत्येक वस्तू तिच्या खणात लागते. बुधासाठी एक म्यान करून घ्यावं म्हणून ते पंचवटी कारंजावर चपला शिवायला बसणाऱ्या देवरामकडे गेले. तिथे त्यांनी इतके प्रश्न विचारले, की देवराम वैतागून म्हणाला, “भाऊसाहेब, एवढं इचारताय तर बसा न् तुमीच करा.”

वाल्मीकराव बसले. त्या रविवारी बसले ते मग दर रविवारी सकाळी दोन तास बसत गेले. देवरामने एका बंद दुकानाच्या पायरीशी ताडपत्री बांधली होती. वाल्मीकराव तिच्या आतल्या अंगाला, रस्त्याकडे पाठ करून बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला नुसती एक पाठ दिसे, आणि पाठीवरून माणूस ओळखायला पंचवटीत कोणाला सवड नसते. देवरामने त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. तो काम करायचा आणि वाल्मीकराव शेजारी बसून त्याच्या हातांकडे बघत तसंच करायचे. देवराम डावखुरा. तो डावी सुई आधी घालायचा, म्हणून हेही डावीच आधी घालायला लागले. दोन महिन्यांनी देवरामच्या ते ध्यानात आलं आणि तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. वाल्मीकरावांनी सवय मोडून पाहिली, पण बोटं काही ऐकेनात.

तिसऱ्या वर्षी देवरामने त्यांना एक आरी दिली. चामड्याला भोकं पाडायची, बाभळीच्या मुठीची, वापरून वापरून काळी तुळतुळीत झालेली. ती त्याच्या वडिलांची होती. वडिलांच्या दोन आऱ्या आहेत, एक नुसती पडून असते आणि पडलं हत्यार गंजतं, एवढंच कारण त्याने सांगितलं.

वाल्मीकरावांची बायको ललिता मनाने चांगली होती, पण चामडं गॅलरीच्या आत येऊ देत नसे. खंडेनवमीला घरात विळी, कात्री, सुऱ्या, इतकंच काय सायलीचा लॅपटॉपसुद्धा पूजेला बसे. आरी मात्र देवापुढे नको. तेव्हा दर खंडेनवमीला वाल्मीकराव ती रुमालात गुंडाळून देवरामकडे नेत. देवराम आपल्या पेटीवर कातडं कापायची रापी, हातोडा आणि दोन्ही आऱ्या शेजारी शेजारी मांडी, हळदकुंकू वाही, झेंडूचं फूल ठेवी आणि मग एक आरी उचलून वाल्मीकरावांच्या हातात देई. पाच वर्षं हा क्रम चुकला नव्हता.

प्रदर्शन झालं आणि चौथ्या दिवशी खंडेनवमी आली. वाल्मीकराव आरी घेऊन निघाले. देवराम रोज पेपर वाचतो, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

देवराम नेहमीसारखाच होता. त्याने आरी घेतली, पुसली, मांडली, पूजा केली. ‘फोटो बरा आलाय,’ असंही म्हणाला. मग त्याने दोन्ही आऱ्या उचलल्या, पेटीत ठेवल्या आणि झाकण लावलं.

वाल्मीकराव हात पुढे करून बसले होते. तो हात त्यांनी हळूच मागे घेतला.

“राहू द्या आता हितंच,” देवराम म्हणाला.

वाल्मीकरावांना कोणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. सायलीचं जमत आलंय, सर मागे उभे होते, तोंडातून निघून गेलं, पेपरात येईल असं वाटलं नव्हतं. शेवटचं वाक्य खोटं होतं, वार्ताहराची वही त्यांनी पाहिली होती. पण तेही ते बोलून गेले.

“लेकीचं काम हाय, समजतंय मला,” देवराम म्हणाला. “म्या बी दोन उजवल्या.”

“मी चुकलो, देवरामभाऊ.”

“ते मला सांगून काय उपेग? मला तर ठावंच हाय. ज्याला ठाव नाय त्याला सांगा.” देवरामने पेटीवरचं फूल सरळ केलं. “आठ वर्सं रस्त्याकडं पाठ करून बसलात, म्या कधी काय म्हनलं का? म्हनलं, आसंल अडचन. पन पेपरात तर तुमचं तोंड समोरून हाय.”

तो रागावून बोलत नव्हता. चपलेचा तळ गेलाय, आता शिवून भागणार नाही, हे गिऱ्हाइकाला सांगतो तशाच आवाजात बोलत होता. वाल्मीकरावांना फार लाज वाटली.

घरी येऊन त्यांनी गॅलरीत अर्धवट राहिलेलं म्यान काढलं. भोकं आधीच पाडलेली होती. उजवी सुई आधी घालून त्यांनी चार टाके घातले. ते चार टाके लग्नाच्या पंगतीत चुकून शिरलेल्या पाहुण्यांसारखे दिसायला लागले. त्यांनी ते उसवले. मग स्वयंपाकघरात जाऊन ललिताला झालं ते सांगितलं. ती डबे पुसत होती. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की उद्या ते लोक येतायत, मुलीचं एकदा पार पडू दे, मग काय जगाला सांगत फिरायचं ते फिरा. तिचंही काही चूक नव्हतं. मुलीच्या आईने दुसरं काय बोलायचं?

दसऱ्याला सकाळी ललिताने त्यांना झेंडूची फुलं आणि अर्धा किलो पेढे आणायला पिटाळलं. थेटे मंडळी अकराला येणार होती. वाल्मीकराव नवा पांढरा सदरा घालून निघाले. फुलं घेतली, पेढे घेतले. परत येताना कारंजावर त्यांचे पाय थांबले.

देवराम एक जोड मांडून बसला होता. बायकांच्या चपला, दोन्हींचे पट्टे निघालेले. खंडेनवमीला हत्यारं विसावतात आणि दसऱ्याला पहिला टाका घालायचा, असा त्याचा नेम होता. वाल्मीकरावांनी पेढ्यांचा पुडा आणि फुलं पायरीवर ठेवली. आतल्या अंगाला त्यांचं नेहमीचं पोतं अंथरलेलं होतं. त्यांनी ते ओढून बाहेर घेतलं, देवरामच्या शेजारी टाकलं आणि रस्त्याकडे तोंड करून मांडी घातली.

देवरामने एकदा त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं. “डाग पडंल,” तो म्हणाला.

“पडू दे.”

देवरामने पेटी उघडली आणि आरी काढून त्यांच्यापुढे ठेवली. मुठीवर कालचं कुंकू तसंच होतं. मग एक चप्पल त्यांच्याकडे सरकवली, दुसरी स्वतः घेतली. वाल्मीकरावांनी दोऱ्याला मेण लावलं, दोन्ही टोकांना सुया ओवल्या. रस्ता आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना इथून समोर दिसत होता. आपट्याची पानं घेऊन चाललेल्या बायका, हार घातलेल्या रिक्षा, सोसायटीतले कुलकर्णी. कुलकर्ण्यांनी स्कूटरचा वेग कमी केला, नीट पाहिलं आणि हात वर करावा की नाही या विचारातच पुढे गेले.

पावणेअकराला फोन वाजला. थेटे सर होते. कारंजापर्यंत आलो आहोत, गाडी कुठल्या गल्लीत घालायची, असं विचारत होते. डावीकडच्या दुसऱ्या गल्लीत, हे सांगितलं असतं की विषय संपला असता. सायलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

“मी कारंजावरच आहे, सर,” ते म्हणाले. “रिक्षा स्टँडच्या बाजूला ताडपत्री दिसेल बघा. तिथेच बसलोय. या इकडे.”

सर आणि त्यांच्या पत्नी गाडीतून उतरून आले. सरांनी नवं जाकीट घातलं होतं. त्यांनी आधी ताडपत्रीच्या वर पाहिलं, मग मागे पाहिलं आणि मग खाली. वाल्मीकरावांना उठता येईना. सुया भोकात अर्ध्या अडकल्या होत्या आणि मांडीवर कोणा अनोळखी बाईची चप्पल होती.

“सर, प्रदर्शनात मी खोटं बोललो,” ते म्हणाले. “व्हिडिओ वगैरे काही नाही. हे देवरामभाऊ. आठ वर्षं मी यांच्यापाशी शिकतोय. इथेच बसून.”

देवरामने मान वर केली नाही. तो दोरा ओढत होता.

सरांनी जाकीट सारखं केलं. तीस वर्षं मुलांना खऱ्याखोट्याचे धडे दिलेला माणूस, पण असा धडा बहुधा त्यांनाही कोणी रस्त्यावर बसून म्हणून दाखवला नसावा. त्यांच्या पत्नी पायरीवरच्या पेढ्यांच्या पुड्याकडे बघत होत्या.

“बरं,” सर म्हणाले. हा ‘बरं’ कुठल्या जातीचा, ते वाल्मीकरावांना ओळखता आलं नाही. “घरी आहे ना कोणी?”

“ललिता आहे, सायली आहे. तुम्ही व्हा पुढे. डावीकडची दुसरी गल्ली. सहा टाके राहिलेत, तेवढे घालून आलोच.”

दोघं गाडीकडे गेले. दार लागल्याचा आवाज आला, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ती गल्लीकडे वळते की सरळ पुलाकडे जाते, हे मान वळवली असती तर दिसलं असतं. पण टाका ओढायचा होता आणि त्या वेळी दोन्ही हातांतला दोरा सारखा ताणलेला लागतो, नाहीतर शिवण सैल बसते. वाल्मीकरावांनी मान वळवली नाही. त्यांनी सहा टाके घातले.

मग त्यांनी आरी पुसली आणि आपल्या हाताने देवरामच्या पेटीत, दुसरीच्या शेजारी ठेवली.

“न्या की आता घरी,” देवराम म्हणाला.

“राहू द्या. रविवारी इथे लागेलच.”

वाल्मीकराव सदरा झटकून उठले, फुलं घेतली. पुड्यातले दोन पेढे काढून देवरामच्या हातावर ठेवले. एवढ्यात चपलांची मालकीण आली. तिने दोन्ही चपला उलट्यासुलट्या करून पाहिल्या, पट्टे ओढून पाहिले. दोन्हींवरचे टाके एकाच बाजूला कलले होते. तिने चपला पायांत घातल्या आणि चालू लागली. कुठली कोणी शिवली, ते तिने विचारलं नाही.