दारातली कागदी पट्टी

मी फ्रिज बोलतोय. पण आधी सांगा, तुम्ही कोण? भंगारवाल्याने तर पाठवलं नाही ना? नाही म्हणताय तर ठीक आहे, पण जरा लांबच उभे राहा. अकरा वर्षं या स्वयंपाकघरात काढली आहेत मी. माणसं ओळखण्यात आता सहसा फसत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी असा नव्हतो. दुकानात जो कोणी दार उघडून बघे, त्याला दिवा लावून आतलं सगळं दाखवायचो. संशय घ्यायला मी या घरात शिकलो. शिकवलं ते सासूबाईंनी.

सासूबाई तीस वर्षं दवाखान्याच्या औषधभांडारात होत्या. तिथे कपाट बंद केलं की दाराच्या फटीत कागदाची पट्टी अडकवायची त्यांची पद्धत. पट्टी पडलेली दिसली, की समजायचं कोणीतरी हात मारलाय. नोकरी संपली, सवय राहिली. घरात दुधावरची साय कमी होऊ लागली, तशी त्यांच्या मनात सुनेबद्दल शंकेची पाल चुकचुकली. मग रोज दुपारची जेवणं आटोपली, की माझ्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात, रबराखाली, चांगली जाड घडी घातलेली पट्टी! सून संध्याकाळी भाजी काढायला दार उघडायची, पट्टी खाली पडायची आणि सासूबाई मान डोलवायच्या.

साय खायचा तो सासूबाईंचा मुलगा. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, उभ्याउभ्या, बोटाने. पण त्याचा संशय आईला कसा येणार?

पट्टीमुळे राहणाऱ्या फटीतून दमट हवा आत शिरायची. चार महिन्यांत मागच्या पत्र्याआड माझ्या पंख्याला बर्फाने घेरलं. पाती अडखळू लागली, मोटर कण्हू लागली आणि त्या ताणाने एके दिवशी कंट्रोल बोर्डच जळला. दूध नासलं, भाज्या माना टाकून बसल्या.

मेकॅनिक आला. करपलेला बोर्ड काढून त्याने नवा बसवला आणि चहाही न घेता चालता झाला. पंख्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुन्हा बोलावणं यावं म्हणूनच ही घाई, असं मला तेव्हाच वाटलं. आठ दिवसांत नवा बोर्डही जळला.

"हा बोर्ड खात सुटलाय," मुलगा वैतागून म्हणाला. "रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. विषय संपला."

सून कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. शनिवारी ती तिथला वीज तपासायचा मीटर घेऊन आली. मला वाटलं, आता हीही माझ्या मरणाचा दाखला लिहिणार. पण तिने आतला पत्रा खोलला आणि ती थबकलीच.

"अहो, बघा तरी! केवढा बर्फ धरलाय. पंखा जाम झाला म्हणून बोर्ड जातोय."

"मग पंखा बदलून भागेल?" मुलाने विचारलं.

"नाही ना. दमट हवा कुठून येते ते कळल्याशिवाय काय उपयोग? पुन्हा बर्फ धरेल, पुन्हा जळेल."

"मग जाऊ दे. उद्या जातोच आहे तो."

टेबलाशी सासूबाई भाजी निवडत होत्या. हवा कुठून येते हे त्या एकट्यांना कळून चुकलं होतं. त्यांचे हात थांबले होते. ही बाई तोंड उघडणार नाही, अशी माझी खात्री होती. उघडलं तर सुनेवर पाळत ठेवल्याचं कबूल करावं लागणार. माझ्यासाठी एवढी मानहानी कोण पत्करतं? मी भयंकर घाबरलो होतो.

"वरचा कोपरा बघ," सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या. "तिथलं रबर दबलं असेल. मी रोज पट्टी अडकवते."

"कसली पट्टी, आई?"

"तू दार उघडतेस का ते कळायला. साय कमी व्हायची ना."

मुलाचा चेहरा पडला. "आई, साय मी खातो गं."

सून म्हणाली, "रोज एक कपटा पडायचा. मी केरात टाकायचे."

तरी तिने केस वाळवायच्या यंत्राने माझा सगळा बर्फ वितळवला. पंख्याला मीटर लावला. मोटर गेलेली होती. मेकॅनिकला बोलावून, त्याच्या डोक्यावर उभं राहून तिने पंखा, बोर्ड आणि दाराचं रबर, तिन्ही गोष्टी बदलून घेतल्या. भंगारवाला रिकाम्या हाताने परत गेला.

आता मी ठणठणीत आहे. दारात पट्टी नसते. पण त्या दिवसापासून सून माझ्या दाराला हात लावण्याआधी विचारते, "आई, दूध काढू?"

"अगं, विचारतेस काय? घर तुझंच आहे," सासूबाई कळवळून म्हणतात.

"विचारलेलं बरं, आई."

दिवसातून दहा वेळा मी हे ऐकतो आणि गार पडतो. सूनबाई, मी आज उभा आहे तो तुझ्यामुळे. एकदा, फक्त एकदा, कोणालाही न विचारता माझं दार उघड गं.