शॉर्टलिस्टमधली स्नेहल

मित्रांनो, सावेडीतल्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात टांगलेला मी एक जुना सूचनाफलक आहे. सहादेव सुताराने सागाची चौकट ठोकून मला घडवले आणि वर हिरवे कापड ताणून बसवले. तेव्हा माझ्यासमोर गर्दी व्हायची. आता बहुतेक सूचना मोबाईलवर जातात. माझे कापड विटले आहे, टाचण्यांनी अंगाची चाळण झाली आहे. तरी नोकरीच्या याद्या अजून माझ्यावरच लागतात.

गेल्या महिन्यात मदतनीस परिचारिकांच्या जागांसाठी दोन याद्या लागल्या. दोन्ही इंग्रजीत. काष्टीहून स्नेहल आपल्या आईला, केशरबाईंना, घेऊन आली. पहिल्या यादीवर ‘शॉर्टलिस्ट’ असे लिहिले होते आणि स्नेहलचे नाव तिच्यातच होते. दुसरीवर लिहिले होते, ‘वेटिंग लिस्ट’.

स्नेहलचा चेहरा उतरला. “आई, शॉर्ट म्हणजे कमी. मी कमी पडले गं. थांबायला सांगितलंय ते दुसऱ्या यादीतल्यांना.”

“असू दे बाई. चल, एसटी गाठू,” केशरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते, पण बोलणार कसा? मुलाखतींना जेमतेम दहा मिनिटे उरली होती आणि मायलेकी फाटकाकडे निघाल्या होत्या.

फरशी पुसणाऱ्या मरियामावशींनी त्यांचे बोलणे ऐकले होते. हातातले फडके टाकून त्या धावल्या.

“अगं पोरी, थांब! घरी मेथी निवडतीस ना? काड्या टाकायच्या, पाला बाजूला काढायचा. शॉर्टलिस्ट म्हंजी तो पाला! तुला मुलाखतीला निवडलीय. तुमच्यातलं कुनी गळालं, तरच वेटिंगवाल्यांना बोलावत्यात.”

“खरंच, मावशी?”

“वीस वर्सं याद्या बघतीय मी. पळ आत!”

दुपारी स्नेहल बाहेर आली ती धावतच. “आई, एक तारखेपासून कामावर यायला सांगितलंय!”

केशरबाईंनी लेकीला जवळ ओढले. “लई घोर लागला हुता गं,” एवढेच त्या म्हणाल्या. मलाही हायसे वाटले.

माझे कापड बदला, असा हट्ट मी धरणार नाही. मागणे एकच आहे. न समजलेला शब्द मनात घेऊन माघारी जाऊ नका. शेजारी जे कुणी असतील, त्यांना विचारा. शब्द चुकला म्हणून त्या दिवशी स्नेहलला कुणीही हसले नाही. सगळा व्हरांडा तिच्यासाठी खूश झाला होता.